न काढलेले फोटो

भानुदासच्या फोनवर सूचना आली, 'हेमलता यांचा नवा फोटो'. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. वृत्तपत्रासाठी तिने काढलेल्या फोटोंवरून शिकलेला उडता कॅमेरा आता तिच्या नावाने बातम्यांचे फोटो टाकायचा. रोज सकाळी तिचं नाव वाचूनच भानुदासचा दिवस सुरू व्हायचा.

आज कारखान्यात स्फोट झाला होता. फोटोत फाटकाशी एक बाई ऊर बडवत होती. लोक तो भराभर पुढे पाठवत होते.

त्याने संपादकाला फोन लावला. "रफीक, याच्याखालचं हेमाचं नाव काढ."

"का दाजी? उजेड, कोन, सगळं ताईंचंच आहे की!"

"ती आधी विचारायची. समोरचं माणूस नको म्हणालं की कॅमेरा खाली. मग रिकाम्या हाताने येऊन तुझी बोलणी खायची."

"बोलायचो खरा," रफीक हसला.

"यंत्राला तिने काढलेले फोटो दाखवलेस. न काढलेले कुठून दाखवणार?"

"दाजी, नाव काढलं की सगळीकडूनच जातं. उद्यापासून ताई तुमच्या फोनवर येणार नाहीत."

भानुदासने पडद्यावरचं तिचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"काढ," तो म्हणाला.