वीस मिनिटांची सवड

नवऱ्याला कुठेही पोचायला उशीर ठरलेला, म्हणून गाडी नऊची असली तरी ती फ्रिजवरच्या चिठ्ठीत आठ चाळीस लिहायची. हळूहळू ही युक्ती त्यालाही कळली होती. तो डोंगरावरची दुर्बीण सांभाळायचा, ती अवकाशातली. तीस वर्षं निपचित पडलेलं कृष्णविवर आज भडकलं. दोन्ही दुर्बिणींनी एकाच वेळी पाहिलं, तरच भडक्याचं मूळ कळणार होतं. तिने फोन केला. “सात ते सात वीस. माझ्या दुर्बिणीला तेवढीच सवड.” “हो गं बाई!” तो हसला. या वेळी मात्र तिने खरी वेळ सांगितली होती. सव्वासात झाले तरी डोंगरावर कुणी फोन उचलेना. सात वीसला तिची दुर्बीण ठरल्याप्रमाणे दुसरीकडे वळली, तेवढ्यात फोन वाजला. “दुर्बिणीचा घुमट उघडला, अगदी वेळेवर! तुझे सात म्हणजे सात वीस ना?” ती म्हणाली, “ते फ्रिजवर.”