पंपावरची रेघ

"खूण हलवायची नाही, वहिनी! दादाच्या हातची आहे ती." धाकट्या दिरांनी माझा पाना धरून ठेवला.

हे गेले आणि पाठोपाठ ह्यांच्या पॅसेंजर जीपचं इंजिनही जाम झालं. मी दुसरं इंजिन आणलं, डिझेल पंप मात्र ह्यांचाच बसवला. ह्यांनी पंपावर छिन्नीने मारलेली रेघ इंजिनवरच्या खुणेला बरोबर जुळवली. तरी सकाळपासून इंजिन घण मारल्यासारखं ठोकत होतं.

"मग विकून टाका जीप. दादा असता तर..."

"असते तर त्यांनीच आधी पंप फिरवला असता! ही रेघ जुन्या इंजिनाची, भाऊजी. नव्याला ती चालत नाही, डिझेल वेळेआधी सुटतं, म्हणून ठोकतंय. सोडा पाना."

त्यांनी सोडला. मी नट ढिले केले, पंप केसभर फिरवला, पुन्हा आवळला आणि स्टार्टर मारला. ठोके थांबले. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"पण आता ही चालवणार कोण?"

मी छिन्नी उचलली. ह्यांची रेघ खोडली नाही. तिच्याशेजारी माझी मारली. मग बॉनेट आपटलं आणि स्टेअरिंगवर बसले.

"मी. स्टँडवर पॅसेंजर थांबलेत. यायचं तर मागे बसा."