प्लास्टरचे अण्णा

शिल्पकाराकडून आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, प्लास्टरचा अर्धपुतळा घेऊन आम्ही घरी निघालो. बाबांनी त्यांना स्वतःच्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि बेल्ट करकचून लावला. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदाच मुकाट्यानं लावून घेतला.

"दादा, आता तुझा लाव," माझ्याशेजारून आत्या म्हणाली. आम्ही दोघांनी मागे लावला होता.

"मी काय प्लास्टरचा आहे का?"

पुढच्याच वळणावर ट्रकनं ब्रेक मारला आणि आम्ही त्याच्यात घुसलो. बाबांचं डोकं काचेवर आदळलं, दोन फासळ्या गेल्या. आम्हा दोघांच्या खांद्यांवर नुसते वळ. अण्णांच्या नाकावरचा चष्मासुद्धा हलला नव्हता. जमलेले लोक बाबांना सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. एकानं तर त्यांना पाणी हवंय का, असंही विचारलं.

स्ट्रेचरवरून बाबाही टक लावून बघत होते. "कमाल आहे," ते पुटपुटले. "एवढासा पट्टा, आणि साधा टवकाही नाही!"

आत्यानं हलक्या हातानं अण्णांचा बेल्ट सोडवला.

"त्या दिवशी गाडीत अण्णांनी हा लावला असता ना दादा, तर पुतळा करायची वेळच आली नसती."