खिळ्यावरचा बिल्ला

“बर्फावर जाताना नावाचा बिल्ला या खिळ्याला अडकव आणि परतलीस की आधी काढ,” धक्क्यावरच्या फळीकडे बोट दाखवत म्हातारा कोळी लैफ म्हणाला. “विसरलीस तर गरम कॉफी सोडून तुला शोधायला निघावं लागेल मला, बाईसाहेब!”

चारुता हसली. उत्तर ध्रुवाजवळच्या या मच्छीमार गावातलं तिचं खरं संशोधन उद्यापासून सुरू व्हायचं होतं. आज गोठलेल्या खाडीवर नवं ड्रिल फक्त चालवून पाहायचं. बिल्ला अडकवून ती निघाली. बर्फाला सुरेख भोक पडलं. त्या आनंदात ती मागच्या वाटेनं थेट लैफच्या घरी आली आणि हात शेकता शेकता शेगडीजवळच झोपी गेली.

जाग आली ती वाऱ्याच्या घोंघावण्यानं. बाहेरून आलेली लैफची बायको दारातच थिजली होती.

“तू घरात?”

“मघाशीच आले. का हो?”

“अगं, तुझा बिल्ला तिथेच लटकतोय! लैफ तुला शोधायला गेलाय बर्फावर.”

चारुता तशीच धक्क्याकडे धावली. तिनं आपला बिल्ला काढला. शेजारच्या खिळ्यावर आता लैफचा बिल्ला एकटाच वाऱ्यानं खडखडत होता.