गळ्यातली पट्टी

उद्या शाळेत रेणूच्या खास शिक्षण-आराखड्याचा आढावा होता, म्हणून सुनेत्रा लेकीची तयारी करून घेत होती. रेणू बोलत नसे. तिच्या मनातलं ओळखून गळ्यातली यंत्राची पट्टी ते बोलून दाखवायची.

"वर्गात मदतीला यापुढेही हेमाताई हव्यात का गं?"

"नको बाई. लोक काय म्हणतील?" पट्टी म्हणाली.

सुनेत्रा चपापली. आठ वर्षांच्या पोरीला लोकांचं काय पडलंय? मग तिला आठवलं, पट्टीला बोलायला शिकवताना रेणूच्या वतीनं सगळी उत्तरं तिनंच दिली होती. म्हणजे इतके दिवस या घरात बोलत होतं तरी कोण?

गोंधळून तिनं पट्टी काढली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

रेणू उठली. दुसरी खुर्ची ओढत आणून तिनं आपल्या खुर्चीला चिकटवली, वर्गात हेमाताईंची असते तशी.