वर विचारून सांगतो

“तुम्ही त्याच्या कोण?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

“आई.”

कारकुनानं नियमांचं पुस्तक उघडलं. अर्जदाराला स्वतः येता येत नसेल तर त्याच्या वतीनं वकील, जोडीदार किंवा सज्ञान अपत्य बोलू शकतं. बोट त्या ओळीवरून तीनदा फिरलं. आई चालत नाही असं कुठं लिहिलं नव्हतं. चालते असंही नव्हतं.

“बायको नाही आली?”

“ती माहेरी गेली ती गेलीच. पोरबाळ नाही. वकील करायची ऐपत असती तर तुझ्या दारात कशाला आले असते? राहिले मी. नऊ महिने पोटात मीच वागवलाय त्याला, वकिलानं नाही.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

लेक बांधकामाच्या परांचीवरून पडला, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून पाठीवर पडून होता. त्याचा आजारभत्ता बंद केला, का, तर तो तपासणीला चालत आला नाही. त्याचीच आज सुनावणी. ‘माझ्या वतीनं आई बोलेल’ असं त्यानं सहीनिशी लिहून दिलं होतं. तो कागद तिनं चारदा उलगडून दाखवला. एक वाजेपर्यंत त्याच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही तर प्रकरण कायमचं बंद होणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

कारकून माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर चार शब्द सुनावून ती मोकळी झाली असती. “मावशी, वर विचारून सांगतो,” म्हणाला आणि खणातून पिवळा कागद काढला. नियमात जे स्पष्ट नाही ते पिवळ्या कागदावर लिहून वर पाठवायचं, अशी तिथली रीत. आपल्या मनानं कुणी काही ठरवायचं नाही. ठरवणाऱ्याच्या अंगाशी येतं, विचारणाऱ्याच्या कधी येत नाही.

कागद पहिल्या मजल्यावर बाईंकडे गेला. बाईंनी त्यावर ‘सहमत’ लिहिलं, कशाशी ते नाही लिहिलं. मग तो दुसऱ्या मजल्यावर साहेबांकडे गेला. साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. ती बाकावर बसून जिन्याकडे बघत होती. कारकून दर खेपेला तिची नजर चुकवून उतरत होता.

“काय रे, काय म्हणतात वरचे?”

“विचारतायत.”

“कुणाला?”

“त्यांच्या वरच्यांना.”

“अरे, मग फोनवर माझ्या लेकालाच विचार की. पाठ मोडलीय त्याची, जीभ नाही.”

“फोनवर चालतं का, ते वेगळ्या कागदावर विचारावं लागेल.”

“एवढे जिने चढलास बाबा, तेवढ्यात त्याला पाठुंगळीला मारून आणला असतास.”

पाऊण वाजता टेबलावरचा फोन खणाणला. कारकून उभा राहिला. मुख्य कार्यालयातला आवाज बाकापर्यंत ऐकू येईल असा खणखणीत होता.

“तो आईचा प्रश्न तुमचाच ना? अशा वेळी तुम्ही तिथं आजवर काय करत आलात, तेवढं सांगा. म्हणजे तसं उत्तर देता येईल.”

“सर, आम्ही आजवर तुम्हालाच विचारत आलोय.”

“बरं. नोंद घेतलीय. तीस दिवसांत कळवू.”

“आणि आजची सुनावणी, सर? तोवर थांबवायची का?”

“ते लेखी विचारा.”

एकच्या ठोक्याला शिपायानं दारात येऊन लेकाचा नंबर पुकारला.

“हजर!” ती उठून म्हणाली. आवाज असा लागला की सगळी माणसं वळली.

शिपायानं कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं पुस्तकाकडे. दुसऱ्यांदा पुकारा झाला, तिसऱ्यांदा झाला. तिन्ही वेळा ती हजर होती. कारकुनानं मान खाली घालून रजिस्टरात लिहिलं: गैरहजर.

मग एक शिक्क्याचा कागद त्यानं खिडकीतून पुढं सरकवला. “मावशी, प्रकरण बंद झाल्याचा आदेश आहे. हा घरच्यांनी घेतला तरी चालतो. नात्यावर खूण करा आणि खाली सही.”

तिला अक्षरं जुळवायला वेळ लागला, पण जुळली. घेणाऱ्याची नाती ओळीनं छापली होती. त्यात पहिलंच होतं: आई.

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग पेनाला टोपण लावलं, आणि कागद आल्या वाटेनं आत ढकलला.

“हा आईनं घ्यावा का,” ती म्हणाली, “ते आधी वर विचारून ये.”

कारकुनाचा हात सवयीनं पिवळ्या कागदांच्या खणाकडे गेला.