डॉर्कसची वाटणी

केंटकीतले म्हातारे प्रुइट वारले आणि त्यांची मुलं एज्रा नि लव्हिनिया, दोघं बहीणभाऊ वाटणीला बसले. जमीन, घोडे, पलंग सगळं सामोपचारानं झालं. गुलामांची वेळ आली तेव्हा मात्र दोघंही डॉर्कससाठी अडून बसले. आई लहानपणीच गेलेल्या त्या दोघांना तिनंच वाढवलं होतं.

"दुसरं काय हवं ते घे ताई, पण डॉर्कसमावशी माझ्याकडेच राहणार," एज्रा म्हणाला.

लव्हिनियानं डोळे पुसले. "बरं, राहू दे. मग तिची लेक फीबी मला दे. तिकडे लांब मिसिसिपीला सासरी आपल्या घरचं कोणीतरी जवळ असू दे."

एज्रानं लगेच होकार दिला आणि तसाच स्वयंपाकघरात गेला. "मावशी, तुला आता कुठेही जावं लागणार नाही. ताईशी भांडून मी तुला मागून घेतलं."

पीठ मळणारे डॉर्कसचे हात थांबले. "आणि माझी फीबी, मालक?"

"ती ताईकडे जाईल. ताई जीव लावेल तिला."

सकाळी गाडी निघाली. फीबी मागच्या फळीला धरून आईला हाका मारत होती. डॉर्कस फाटकापर्यंत धावली, तिथे एज्रानं तिला अडवलं आणि लहानपणी मारायचा तशी घट्ट मिठी मारली.



"रडू नकोस, मावशी," तो म्हणाला. "मी आहे ना, तुझंच लेकरू."